आमच्या ह्यांचं प्रभामंडळ

आमच्या ह्यांचं नाव विश्राम, पण जिभेला विश्राम नाही. कोलशेतच्या कारखान्यात स्टोअरकीपर, आणि डोकं कायम आभाळात. डोंबिवलीच्या आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी दीर्घिका! म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अवाढव्य मेळे. हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून झालेलं. पाच व्याख्यानं दिली, पण एकदाही कुणी प्रश्न विचारला नाही. "शेवंती, नुसता एक प्रश्न येऊ दे गं," म्हणायचे. काय बाई माणूस!

ब्याण्णव साली वाचनालयाने हॉल दिला. विषय, 'सर्पिल दीर्घिकांचे वजन आणि प्रभामंडळ'. प्रभामंडळ म्हणजे दीर्घिकेभोवतीचा न दिसणारा घेर. बोर्ड रंगवायला दिला धाकू पेंटरकडे. त्या दीडशहाण्याने पहिले दोन शब्द मावेनात म्हणून गाळले, वर 'प्रभा मंडळ' तोडून लिहिलं. बोर्डावर उरलं, 'वजन आणि प्रभा मंडळ'!

शनिवारी हॉल गच्च, आणि सगळ्या बायका! कुणा प्रभाताईंनी वजन उतरवायचं मंडळ काढलंय, अशी आवई उठलेली. हे खुशीत.

"एवढं प्रचंड वजन मोजायचं कसं?" ह्यांनी सुरुवात केली. पुढच्या रांगेत आमच्या शेजारच्या जनाबाईंनी पोट आत घेतलं. "काट्यावर तर मावणार नाही. फिरताना बघायचं!"

"अहो, उतरवायचं कसं ते सांगा!" मागून एकजण ओरडली.

घोटाळा कळल्यावर ह्यांचा चेहराच पडला. अर्ध्या बायका उठल्या. आता मात्र मी चिडले. फिरताना बघायचंय ना, मग बघा! पदर खोचला, जनाबाईंना ओढलं आणि तिथेच फुगडी धरली. बायका थबकल्या.

हे एकदम तरारले. "जोरात! आता हात सुटले तर?"

"भिंतीवर आपटू की हो!" जनाबाई किंचाळल्या.

"बरोब्बर! जितका वेग, तितकं घट्ट धरायला लागतं. दीर्घिकेच्या कडेचे तारे भन्नाट फिरतात, तरी सुटत नाहीत. त्यांना धरून ठेवायला जेवढं वजन हवं, तेवढं दिसतच नाही. दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं आहे!"

जनाबाई धापा टाकत खुर्चीत बसल्या. "अहो, पण ते आहे तरी कशाचं?"

आला, एकदाचा प्रश्न आला! ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू म्हणत होते, ऐकलंस ना? मग चष्मा पुसत म्हणाले, "माहीत नाही, जनाबाई. जगात कुणालाच माहीत नाही."

"अगोबाई! मग पुढच्या शनिवारी परत या. तोवर बघा शोधून."