जॅकेट घालून हात वर

मंडळी, आज गंगापूर रोडच्या एका दुकानात मी सगळ्यांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं.

सध्याची आपल्या नाशिकची हवा तुम्हाला माहीतच आहे. सकाळी गाडीवर गारठा, दुपारी घाम. म्हणून ऑफिसलाही चालेल आणि लग्नातही बरं दिसेल असं पातळ जॅकेट घ्यायला गेलो. निळं घातलं. बायको खूश. "हेच घ्या, काय रुबाबदार दिसताय!"

आणि मी आरशासमोर दोन्ही हात डोक्यावर नेले.

सेल्समन दचकला. "सर, काय झालं?"

काय सांगणार त्याला? दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग होती. मांडवाखाली उभं राहून घडांची विरळणी करायची, म्हणजे दिवसभर हात वर. त्यामुळे कुठलाही कपडा घेताना, अगदी माझ्या लग्नाच्या कोटालासुद्धा, आमचे वडील भर दुकानात म्हणायचे, "हात वर कर. काखेत ताणतंय का बघू दे." आणि खरंच काखेत दोन बोटं घालून बघायचे. मी गुदगुल्यांनी वाकडा व्हायचो.

निळं जॅकेट काखेत ताणत होतं.

"अहो, लॅपटॉपवर काम करता तुम्ही," बायको म्हणाली. "हात वर करायचेत कुठे?"

खरंय. बागही राहिली नाही, वडीलही. तरी मी ढगळ तपकिरी जॅकेटच घेतलं.

तुमच्या घरी कपडा घेताना काय बघायचे? सांगा जरूर.

मी मात्र आज हात वर करून जरा जास्तच वेळ थांबलो होतो. गुदगुल्या होतील म्हणून.