डावीकडून दुसरी

गल्लीत कपडे शिवणाऱ्या मावशी टीव्हीच्या दुकानात शिरल्या, तेव्हा सगळ्या पडद्यांवर नुसती फुलंच फुलं डुलत होती.

"फुलं काय, कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतात," त्या विक्रेत्याला म्हणाल्या. "अंधार लावा बघू."

मावशींची लेक दूरच्या शहरात टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमात कोरसमध्ये गायची. दिवे सगळे पुढच्या गायकावर, कोरस मागे काळोखात. "आई, मी डावीकडून दुसरी," असं तिनं फोनवर सांगितलं होतं. जुन्या टीव्हीवर तिथे काळा गोळा दिसायचा. मावशी त्या गोळ्याकडेच डोळे लावून बसायच्या आणि कार्यक्रम संपला की त्यावरून हात फिरवायच्या.

विक्रेत्यानं वैतागून रात्रीचं जंगल लावलं. पुढे मांडलेल्या महागड्या टीव्हींवर रात्रीची भर दुपार झाली. कोपऱ्यातल्या, गेल्या वर्षीच्या म्हणून स्वस्तात काढलेल्या टीव्हीवर मात्र झाडामागचं झाड वेगळं दिसलं. तोच घरी आला.

शनिवारी कार्यक्रम लागला. डावीकडून दुसरी मुलगी लख्ख दिसली. गोल चेहऱ्याची, चष्मेवाली, कुणा दुसऱ्याच आईची! मावशींनी पडदाभर नजर फिरवली. त्यांची पोर पार त्या टोकाला, उजवीकडून दुसरी उभी होती. वेडीनं स्वतःची डावी बाजू सांगितली होती.

मावशी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, वर्षभर त्यांनी परक्या लेकीवर जीव ओवाळून टाकला होता. त्या उठून पडद्याच्या उजव्या टोकाशी गेल्या.

"मग तुझ्याकडे गं," त्या म्हणाल्या, "इतके दिवस कोण बघत होतं?"