सरपंचाचा मखमली अंगरखा

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच. म्हणून आधी चहा संपवा. मागं एका पाहुण्याला हे सांगता सांगता ठसका लागला, चहा सांडला माझ्या धोतरावर, अन् बायकोनं बोल लावला तोही मलाच.

तर मी जन्मभर टेलरकी केली. पायजमे, बंड्या, झंपर, पोरांच्या खाकी चड्ड्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण माणूस पाहिला की माप कळायचं. असा मी शहाणा! आता या शहाण्यानं काय करून ठेवलं ते ऐका.

गावात टेरिकॉट नुकतं आलं होतं तेव्हाची गोष्ट. विजेच्या लाईनचे खांबही आले होते. लाईन मात्र तिच्या मर्जीनं यायची. माझी मशीन किराणा दुकानाच्या ओसरीवर असायची. पावसाळ्यात एका हातानं कापड सरकवायचं अन् दुसऱ्या हातानं ताडपत्री धरायची. तरी चाललं होतं. पण त्या वर्षी दुकानदारानं सांगून टाकलं, की दिवाळी झाली, धान निघाला, की ओसरीवर पोती लागतील, टेलरनं आपलं पाहून घ्यावं.

पाहून घ्यावं म्हणजे कुठं? घरी एक खोली, तिच्यात सहा माणसं अन् एक शेळी.

चौकात पंचायतीची एक खोली रिकामी पडली होती. आत फवारणीचा मोडका पंप अन् बुडाशिवायची खुर्ची, एवढाच संसार. किल्ली सरपंचाच्या करदोट्याला. मी चारदा अर्ज तोंडी दिला. चारही वेळा सरपंच म्हणाले, "पाहू." पंचायतीत 'पाहू' म्हटलं की समजायचं, डोळे मिटले.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, अन् नाटक तर पाहिजेच. त्या वर्षीचं नाटक आमच्या मास्तरांनी लिहिलं होतं. ऐतिहासिक. कोणता राजा ते त्यांनाच माहीत. इतिहासात तो नव्हता, पण नाटक ऐतिहासिकच होतं. राजाचं काम सरपंचांनी स्वतःकडं घेतलं. रंगमंचावर ते कधी चढले नव्हते, पण पंचायतीची निवडणूक जवळ आली होती, अन् निवडणूक जवळ आली की माणसाला कला सुचते.

पोशाख दरसाल नागपूरहून भाड्यानं यायचे. सरपंचांनी वास घेतला अन् नाक मुरडलं. दुसऱ्याच्या घामातला राजा मी होणार नाही म्हणाले. मग मला बोलावलं.

"टेलर, तू शिव. पण असं शिव, का मी दिसलो का लोकायनं हात जोडले पाहिजे. जोडले, त चौकातली खोली तुयी."

मी त्या रात्री झोपलो नाही. खोलीत मशीन कुठं मांडायची, दरवाजाकडं तोंड करून की खिडकीकडं, याचाच विचार.

दुसऱ्या दिवशी साकोलीला कापडाच्या दुकानात गेलो. मखमलीला हात लावला, भाव ऐकला, हात काढून घेतला. अस्तराला हिरवं साटन घेतलं, थोडा जरीचा गोटा, टिकल्यांची पुडी, अन् तिथून सरळ सानगडीच्या बाजारात. तिथं एक भांडेवाली बसायची. घरोघरी जर्मनची भांडी देऊन जुने कपडे घ्यायची अन् बाजारात चादरीवर ढीग मांडून विकायची. तो ढीग म्हणजे माझा दरबार! एका फाटक्या शालूचा काठ मिळाला, राजाचा कमरपट्टा झाला. बँडवाल्याचा लाल कोट मिळाला, सेनापती झाला. दोन परकर मिळाले, प्रधानाची पगडी झाली. प्रधानाला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अन् ढिगाच्या तळाशी ती होती. मरून मखमल, जाड, दोन्ही बाजूंना जरीचे मोर, काठाला कवड्या अन् घुंगरू. एका मोराची मान जरा वाकडी.

मी ओळखलं. बैलाची झूल होती ती. पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकतात ती. भांडेवाली म्हणाली, बैल गेला, घरच्या सुनेनं डेगचीवर दिली. कोणाचा बैल ते मी विचारलं नाही. मेलेल्या बैलाचं नाव कशाला विचारायचं? इथं चुकलो बघा मी.

घरी आणून कवड्या काढल्या, घुंगरू काढले, अंगरखा बेतला. आता खोटं वाटेल तुम्हाला, पण झूल बैलाच्या मापाची असून सरपंचांच्या पोटावर चार बोटं कमी पडली. तिथं हिरव्या साटनची पट्टी जोडली. मोर बरोबर दोन खांद्यांवर आले.

सरपंच अंगावर घालून पाहायला आले. आरशापुढून हलेचनात. मग म्हणाले, खिसा कुठं आहे. मी म्हटलं, जी, राजाला खिसा नसते. म्हणाले, मग राजा बिडी ठेवते कुठं? लावला खिसा. मास्तर इतिहासाचं काहीतरी म्हणत होते, पण त्यांची बदली सरपंचाच्या ओळखीनं थांबली होती, म्हणून तेही म्हणाले की खिसा असावा.

तेवढ्यात सरपंचांची नजर कोपऱ्यातल्या कवड्यांवर गेली. "हे काहून काढून ठेवलं?"

"उगाच, जी. जास्त होते."

"राजाले काय जास्त होते? लाव. अन् ते घुंगरू?"

"तेही शाहीच आहेत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग लाव."

म्हणजे मी जे जे काढलं, ते ते सरपंचांनी परत लावून घेतलं. झुलीचा अंगरखा झाला होता, अंगरख्याची पुन्हा झूल झाली.

नाटक आमच्याकडं रात्रीच असते. पण लाईनचा भरोसा नाही म्हणून त्या वर्षी दुपारी ठेवलं. माईक बॅटरीवर. पाच गावचे लोक बैलगाड्या, खासरे जुंपून आले होते. ऐन वेळी अंगरख्याची नाडी तुटली, म्हणून मी सरपंचांच्या पाठीवर उभ्या उभ्या टाके घालून तो शिवून टाकला. अन् विंगेत जाऊन उभा राहिलो.

राजा यायच्या आधी घुंगरू आले. छुम छुम छुम. मग राजा आला.

मंडप एकदम गप्प. सरपंचही गप्प, कारण भाषण विसरले होते. अन् बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठून उभी राहिली. शेजारच्या गावची भागरताबाई. माझ्याकडूनच झंपर शिवायची. तिचा हिऱ्या नावाचा बैल होता. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्याच्यापुढं जोडी टिकली नाही कधी. उन्हाळ्यात तो गेला, तर बाई तीन दिवस जेवली नव्हती. पाच गावांना ठाऊक होतं.

मी तिच्याकडं पाहिलं. मग वाकड्या मानेच्या मोराकडं पाहिलं.

भागरताबाईनं हात जोडले. तिच्या मागं तिच्या गावानं जोडले. मग इतरांनीही झूल ओळखली अन् सगळ्या मंडपानं हात जोडले. मागून कोणी पटातली आरोळी दिली. सरपंचांना तो आपला जयजयकार वाटला. त्यांचे डोळे भरून आले. राजाचं भाषण गेलं खड्ड्यात, ते "माया मतदार बंधू-भगिनींनो" म्हणून सुरू झाले. मास्तर पडद्याआडून खरं वाक्य सांगून सांगून दमले.

देवीला वाहायला आणलेलं ताट भागरताबाईनं खालून उचललं. ती सरळ वर चढली. सरपंचांना कुंकू लावलं, पायावर पाणी घातलं, तोंडात करंजी दिली, अन् बैलाला आवडते तशी गळ्याखाली हळूहळू खाजवायला लागली. सरपंचांनी डोळे मिटले अन् मान वर केली. मागोमाग आणखी दहा-बारा बायका चढल्या. सरपंच प्रत्येकीला आशीर्वाद देऊन राहिले होते, अन् प्रत्येक बाई कवड्यांना हात लावून डोळे पुसत होती.

मग त्यांनी मला बोलावलं. हातात माईक. "म्या शब्द देल्ला होता. लोकायनं हात जोडले. आजपासून खोली टेलरची." अन् करदोट्यावरून सोडून खिशात ठेवलेली किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

मंडळी, किल्ली माझ्या हातात होती! शहाणा माणूस तिथून पळाला असता. मी नमस्कार करायला थांबलो. सरपंचांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला.

"सांग टेलर, असं कापड आनलं कुठून? नागपूर का मुंबई?"

मुंबई म्हणायला काय जात होतं? पण भागरताबाई बाजूलाच होती. काठाची एक कवडी तिनं चिमटीत धरली होती अन् माझ्याकडं पाहत होती. माझ्यानं खोटं बोलवेना.

"सानगडीच्या बाजारातून, जी," मी म्हणालो. "हिऱ्याची झूल आहे."

मी हळूच बोललो होतो. पण माईकला हळू काय कळते?

सरपंचांनी दुसऱ्या हातातली करंजी तोंडाकडं नेली होती, ती तिथंच राहिली. त्यांनी एका खांद्यावरचा मोर पाहिला, दुसऱ्या खांद्यावरचा पाहिला. मग पाच गावं हसली. पडदा टाकायला गेले, तर तो अर्ध्यात अडकला. सरपंचांनी माझ्या तळहातावरून किल्ली उचलली. अंगरखा ओढून काढायला गेले, तर निघेना. माझी शिलाई पक्की. शेवटी तसेच घरी गेले. भर बाजारातून, छुम छुम छुम करत.

खोली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गड्यानं अंगरखा आणून माझ्या अंगावर फेकला. मी तो उसवला, पुन्हा झूल केली अन् भागरताबाईकडं नेऊन दिली. सून मान खाली घालून चुलीपाशी बसली होती. चुलीवर तीच डेगची. बाईनं झूल मांडीवर घेतली अन् विचारलं, का आता मशीन कुठं मांडशील. मी म्हटलं, आठ दिवसांत ओसरीवर धान येते, पुढचं माहीत नाही.

"हिऱ्याचा कोठा रिकामाच आहे," ती म्हणाली. "ये तिथं."

गेलो. बावीस वर्षं काढली त्या कोठ्यात. पाऊस गळत नव्हता, ऊन लागत नव्हतं, गव्हाणीत कापडाचे तुकडे छान राहत.

पहिल्या पोळ्याला मी मशीनवर खाली मान घालून बसलो होतो. भागरताबाई ताट घेऊन आत आली. तिनं मला कुंकू लावलं अन् पुरणपोळी पुढं केली. मी घाबरलो. म्हटलं, बाई, मी टेलर आहे, बैल नाही.

"मालूम आहे गा मले," ती म्हणाली. "माया हिऱ्या दुपारपावेतो धानाची एक बांधी नांगरे. तुयाच्यानं दोन दिवसात एक पायजमा होत नाही. पन कोठा रिकामा कसा ठेवू? खा."