टाकीतले मूठभर गहू

आमच्या घरची गंगेवर नाव होती. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर आमच्या ह्यांनी सिकंदराबादहून नावेच्या मागं लावायची एक जुनी मोटार आणली, सोबत तिची पत्र्याची टाकी. मोटार बरी होती, पण टाकी आतून गंजलेली. गंजाचे कपचे तेलाच्या नळीत अडकायचे आणि मोटार भर पाण्यात गप्प व्हायची. एरवी वल्ही होती, पण पुरात वल्ह्यांना कोण विचारतं? बरं, ती सुरू करायची म्हणजे नमनालाच घडाभर तेल. मला ती मोटार कधीच आवडली नाही आणि मी ते बोलूनही दाखवायचे.

त्या श्रावणात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि माझा जीव त्या टाकीत अडकला. आमच्या काठावरची घनसावंगीकडची वाट चिखलात बुडालेली, बैलगाडी चार पावलं जाईना. डॉक्टरीण होती ती पलीकडच्या गावात. अडलंनडलं तर पूर ओलांडायला ही मोटारच. म्हणून मी ह्यांच्यामागं टुमणं लावलं की टाकी साफ करा, आधी टाकी साफ करा.

शेवटी एका सकाळी उघडीप बघून आम्ही दोघं बसलो. नदीतले बारीक खडे आणि चिंचेचं पाणी टाकीत घातलं आणि दोन्ही बाजूंनी धरून ती घुसळली. आतून विटकरी पाणी निघालं. मग घासलेटानं खंगाळून टाकी उन्हात पालथी घातली. आत एक कण राहिला तरी मोटार बंद पडेल, असं ह्यांनी मला बजावलं होतं. मी भाकरी तव्यावर टाकून सारखी अंगणात जाऊन बघत होते.

दुपारी नणंदेला कळा सुरू झाल्या. सुईणीनं पोट चाचपलं आणि तिचा चेहराच उतरला. मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही, डॉक्टरणीकडं न्या, म्हणाली. हे पेट्रोलचा डबा घेऊन पळत काठावर गेले. मी आणि सुईणीनं नणंदेला धरून खाली नेलं. सासूबाई मागून टाकी घेऊन आल्या आणि ती ह्यांच्या हातात देऊन लेकीजवळ आल्या. मी तेव्हा नणंदेला नावेत निजवत होते, माझं तिकडं लक्ष नव्हतं. सुईण तिच्याजवळ बसली, नाव निघाली आणि आम्ही सासूसुना काठावर राहिलो.

नाव बरीच आत गेल्यावर सासूबाई हळहळल्या.

"घाईत पोरीची ओटी भरायची राह्यली बघ. टाकी तरी रिकामी दिली न्हाई मी. मूठभर गहू टाकले तिच्यात."

आमच्याकडं रिकामं भांडं कुणाच्या हाती देत नाहीत. ताकाचा गडू परत करायचा तरी त्यात चार दाणे टाकायचे. सासूबाईंच्या लेखी टाकी म्हणजे तेलाचं भांडं, दुसरं काही नाही.

मी ओरडले, हात हलवले, पण मोटारीच्या आवाजात ह्यांना काय ऐकू जाणार? आणि मग मला इतका राग आला की सासूचा मान ठेवायचं भान राहिलं नाही.

"आत्याबाई, ते गहू नळीत अडकतील. मोटार बंद पडली तर पोरगी हाती लागायची न्हाई."

सासूबाईंना समजायला जरा वेळ लागला. मग त्या तशाच ओल्या मातीत बसल्या. रडल्या नाहीत, फक्त स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या.

नाव बाभळींच्या बेटाआड गेली. दिसत नव्हती, पण आवाज येत होता. मी त्या आवाजाला कान लावून उभी होते. आणि आवाज थांबला.

"बंद पडली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

आम्ही तिथून हललो नाही. बेटाखालच्या धारेत काही वाहत येतंय का, एवढंच बघत राहिलो.

दिवस कलला तेव्हा पुन्हा मोटारीचा आवाज आला. हे एकटेच होते. नाव टेकायच्या आधीच त्यांनी सांगितलं की डॉक्टरणीनं मोकळी केली, मुलगी झाली, मायलेकी बऱ्या आहेत. मी मोटारीचं विचारलं. त्यांना काही कळेना. पलीकडं काठ आला म्हणून बंद केली, म्हणाले.

"आणि गहू?"

हे आईकडं बघून हसले. "तुझ्या हातचं भांडं कधी रिकामं आल्तं का, माय? टाकी पालथी करून, झटकूनच पेट्रोल घातलं मी. गहू खिशात ठेवले आणि वाटेत तिच्या पदरात टाकले. म्हणलं, मायनं ओटी पाठवली."

तेव्हा कुठं सासूबाई रडल्या.

नणंद पुढं कितीदा तरी सांगायची, त्या गव्हांना घासलेटाचा वास येत होता, आणि कळ आली की ती तेच मुठीत आवळून धरत होती.