नळी निवेपर्यंत

गरम वस्तूंवर इतका मनापासून डूख धरणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल, आणि झालाच असला तर तो बडोद्यात राहिला नसेल, कारण बडोद्यात वर्षातले आठ महिने डूख धरायला दुसरं काही उरतच नाही. चहा, तवा, इस्त्री, मोटारीचं बॉनेट, दुपारचा दांडिया बाजार आणि चिडलेली बायको या सगळ्यांकडे मामा एकाच नजरेनं बघतात. आधी निवू दे, मग बघू. गंमत म्हणजे माणूस रिफायनरीतून निवृत्त झालेला. भट्ट्यांचं तापमान दाखवणारी यंत्रं सांभाळण्यात उभी हयात गेली, आणि तिथं त्यांनी उष्णतेविरुद्ध कधी ब्र काढला नाही. वैर सुरू झालं ते रायफल हातात आल्यावर.

रायफल त्यांना एका निपुत्रिक काकांकडून वारशात मिळाली. त्याच काकांची पितळी भांडी दुसऱ्या पुतण्याला मिळाली आणि तो आजतागायत सुखात आहे. मामांनी मात्र रीतसर परवाना काढला, नेमबाजी शिकून घेतली, आणि मही नदीच्या कोतरांच्या, म्हणजे घळींच्या, बाजूला माळावर जी रेंज आहे तिथं दर रविवारी सहाशे मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायला जाऊ लागले. सहाशे मीटर म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्याला ते समजावतात की लहरीपुरा दरवाज्यात आडवं पडायचं आणि मांडवीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाचं दुसरं बटण बघायचं. मी एकदा विचारलं, खरंच दिसेल का? तर म्हणाले, दिसेल, पण मधे गाई येतात.

या खेळात एक भानगड असते. पाच-सात गोळ्या झाडल्या की रायफलीची नळी तापते. तापलेल्या नळीवरची हवा वर चढते, ती नेमकी रायफलीवरच्या दुर्बिणीच्या समोरून जाते, आणि दुर्बिणीतून दिसणारा तो बिचारा काळा ठिपका कढईतल्या गुलाबजामसारखा डुलायला लागतो. बाकीचे नेमबाज त्याला मिराज म्हणतात, मामा म्हणतात झळ. दूर जमिनीवरून उठणारी झळ वेगळी. ती कुठल्या बाजूला कलते त्यावरून वारा कळतो, म्हणून ती मैत्रीण. नळीची झळ मात्र घरभेदी. "आपलीच उष्णता आपल्याच डोळ्यांपुढे नाचते," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं, तेव्हा मला ते अध्यात्म वाटलं आणि मी आदरानं मान डोलावली. ती माझी चूक झाली. त्यानंतर दीड तास ते नळीबद्दल बोलत होते आणि मला जेवायचं होतं.

त्यांची खरी ओळख पटली ती आमच्या लग्नात. मुलीचा मामा म्हणून माझ्या बायकोला मांडवात आणायचा मान त्यांचा. आणलीही त्यांनी व्यवस्थित. पुढे होम पेटला, गुरुजी रंगात आले, आणि मामा होमाच्या पलीकडे उभे राहून डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी गुरुजींना सांगितलं की होम हातभर उजवीकडे सरकवा. गुरुजींनी कारण विचारलं. मामा म्हणाले, मुलाचा चेहरा झळेतून हलताना दिसतोय, नीट बघितल्याशिवाय मुलगी द्यायची कशी? गुरुजी पेणचे, त्यांना हा विषय नवीन होता. होम काही सरकला नाही, पण विधी आटपेपर्यंत मामा आपणच डावीकडे-उजवीकडे सरकत माझी बिनझळेची बाजू शोधत राहिले. लग्नाच्या प्रत्येक फोटोत ते आहेत आणि प्रत्येक फोटोत वेगळ्या कोपऱ्यात आहेत.

नळीच्या झळेवर उपाय तसा साधा आहे. दुर्बिणीच्या पुढून नळीच्या टोकापर्यंत, नळीच्या वर एक रुंद पट्टी ताणून बसवायची. वर येणारी गरम हवा पट्टीला अडते, दोन्ही अंगांनी पसरून जाते आणि समोरचा रस्ता मोकळा राहतो. अशी पट्टी विकत मिळते, दुनिया ती विकत घेते. पण जी वस्तू घरच्या घरी बिघडवून करता येते ती विकत घेणं मामांच्या तत्त्वात बसत नाही. पहिला प्रयोग त्यांनी खिडकीच्या पडद्याच्या प्लास्टिकच्या पट्टीचा केला. चौथ्या गोळीच्या हादऱ्यानं ती पट्टी सुटली आणि शेजारच्या नेमबाजाच्या टोपीवर जाऊन बसली. तो सयाजीगंजात हॉटेल चालवणारा सज्जन गृहस्थ. त्यानं रायफल खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि बराच वेळ ते खाली घेतलेच नाहीत. मग ओल्या पंच्याचा प्रयोग झाला. तापल्या नळीवर पंचा टाकल्याबरोबर अशी वाफ निघाली की रेंजवर इडल्या झाल्याचा भास झाला. नंतर बॅटरीवर चालणारा पंखा आला. त्यानं झळ उडवली की नाही हे कळलं नाही, कारण गुणांचे सगळे कागद उडाले आणि ते गोळा करण्यात सकाळ गेली.

अखेर मामांना हवी तशी पट्टी सापडली, ती घरातल्या खाटेला. जुनी, घट्ट विणीची, चार बोटं रुंद सुती नवार. मामांनी मधले दोन पट्टे सोडवून घेतले आणि वर चादर नीट अंथरून ठेवली. दुपारी मामी जेवून जरा पडायला म्हणून खाटेवर बसल्या त्या थेट फरशीवर पोचल्या. गुडघे वर, बाकी सगळं खाली. हाका मारल्या तर मामा गॅलरीत पट्टीचा ताण बघत होते. ताण येईना म्हणून त्यांनी एका टोकाला मामींच्या परकराचं इलॅस्टिक शिवलं, आणि पट्टी नळीला धरून ठेवायला रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या पट्ट्याचं चिकटणारं कापड कापून घेतलं. पाव तासानं मामी बाहेर निघाल्या. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब मोजायला यंत्र नव्हतं हे एका अर्थी बरंच झालं.

पट्टी उत्तम झाली. रेंजवरच्या दोघा-तिघांनी मागून बघितली. पण पट्टी लावूनही मामांचं समाधान होईना, कारण त्यांचा खरा भरवसा पट्टीवर नव्हता, थांबण्यावर होता. झळ आहे ना? मग थांबा. स्पर्धेत वीस गोळ्यांना पंचवीस मिनिटं मिळतात. बाकीचे नेमबाज वेळेत वीस गोळ्या संपवून पाणी पीत बसलेले असत, आणि मामा बाराव्या गोळीनंतर दर गोळीआधी गालाला रायफल लावून नळी निवायची वाट बघत पडलेले. इतके निश्चल, की एकदा एक टिटवी येऊन त्यांच्या चटईवर बसली. वेळ संपल्याची शिट्टी झाली की ते शांतपणे उठत आणि उरलेल्या तीन-चार गोळ्या परत खिशात टाकत. झाडलेली गोळी बहुतेक मधोमध असे. न झाडलेल्या गोळीला शून्य गुण. वर्षानुवर्षं हा माणूस मधोमध नेम मारून खालून दुसरा येत असे. मी एकदा धीर करून म्हटलं, मामा, अंदाजानं झाडून टाका की उरलेल्या. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी देवळात चपला घालून गेलो होतो. "झळेत झाडलेली गोळी ही गोळी नव्हे, जावईबापू. तो नुसता आवाज."

घरातही तोच कायदा. मामींचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी हो म्हणायला अकरा महिने लावले, तोवर मामींचं दुसरीकडे जमत आलं होतं. घर रंगवायचं, तर पावसाळा नीट जाऊ दे. मुलीला परदेशी पाठवायचं, तर तिकडची थंडी सरू दे. भांडण झालं तर ते उठून गॅलरीत जात आणि मामींचं तोंड आतल्या आत चालू राही. "यांची नळी निवेपर्यंत माझं आयुष्य थंड व्हायचं," असं मामी आल्यागेल्याला सांगत, आणि सांगून झालं की मामांसाठी चहा बशीत ओतून ठेवत.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. ज्येष्ठांची स्पर्धा होती आणि मामांना मोटारीनं न्यायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. सकाळी दांडिया बाजारात त्यांच्या घरासमोर गाडी उभी केली, तर रायफलीच्या पेटीमागून मामी आल्या, हातात थेपल्यांचा डबा, आणि मागच्या सीटवर बसल्या. तीस वर्षांत त्यांनी रेंजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी विचारलं, आज कसं काय? मामी म्हणाल्या, काही नाही, बस ने, जरा हवापालट. मामा पुढे बघत बसले होते. एरवी गाडी सुरू झाल्यापासून माळ येईपर्यंत वारा, दमटपणा आणि नळी यांच्यावर अखंड बोलणारा माणूस त्या दिवशी तासभर गप्प होता. मला वाटलं, बायको बरोबर असल्यावर पुष्कळांचं असं होतं.

मामा चटईवर आडवे झाले. पट्टी लावली. मागे दहा पावलांवर खुर्च्या होत्या, तिथं मी घड्याळ घेऊन आणि मामी डबा घेऊन बसलो. पहिली गोळी झाडायच्या आधीच मामा थांबले. डोकं उचललं, डोळे पुसले, पुन्हा गाल टेकवला. मला नवल वाटलं. नळी थंडगार, ऊन कोवळं, आणि ते थांबलेत. मग गोळी सुटली. दुसरीला तेच. सातवी-आठवीनंतर नळी खरोखर तापली, पण थांबण्यात फरक काहीच पडला नाही, ते आधीपासूनच तितकं थांबत होते. निशाण नेहमीइतकं मधोमध नव्हतं. आठ, नऊ, सात, नऊ. मी मामींकडे बघितलं. त्यांनी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

रेंज ऑफिसरनं शेवटची दोन मिनिटं राहिल्याचं सांगितलं तेव्हा चार गोळ्या बाकी होत्या. मी घड्याळ खिशात ठेवायला लागलो, कारण पुढचं मला पाठ होतं. मामांनी चापावरचं बोट काढलं आणि मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, मामींकडे. स्पर्धा चालू असताना मागून कुणी बोलायचं नसतं, आणि हे मी मामींना दोनदा सांगून ठेवलं होतं.

मामी उठून उभ्या राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "दिसतंय तेवढ्यावर मारा."

रेंज ऑफिसरनं मान वळवली. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि मग तो दुसऱ्याच दिशेला काही तरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघायला लागला. मामा परत रायफलीवर वाकले. एक गोळी गेली. लगेच दुसरी. त्यांना इतक्या घाईनं काही करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिसरी. चौथी गेली आणि पाठोपाठ शिट्टी झाली. चारातल्या दोन चांगल्या लागल्या, एक कडेला, आणि एक कागदाला लागलीच नाही, ती महीला अर्पण. मामा उठले तेव्हा त्यांच्या कोपराला माती होती आणि खिसा रिकामा होता. रेंज ऑफिसर येऊन हात मिळवून म्हणाला, "काका, आजे तो बधी वापरी नाखी," म्हणजे आज तर सगळ्या वापरून टाकल्यात. मामांना त्या स्पर्धेत पाचवा नंबर मिळाला. बक्षीस तिघांनाच होतं, पण मामांनी पाचव्या नंबराचा कागद मागून घेतला, घडी न पाडता.

ते हात धुवायला नळावर गेले तेव्हा मामींनी मला सांगितलं. डॉक्टरांनी दिवाळीआधीच निदान केलं होतं. उजव्या डोळ्याच्या मधोमधची नजर जात चालली होती, डाव्याचीही सुरुवात झाली होती. आंधळेपण नव्हे, कडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच विरघळतं. चष्म्याचा उपयोग नाही, आणि सुया देऊन फार तर वेग कमी होतो. मामांनी आधी डॉक्टरांनाही सांगून पाहिलं होतं की ही झळ आहे.

"दोन वर्षं पट्ट्या बदलतायत," मामी म्हणाल्या. "नळीला काही झालेलं नव्हतं. मला ठाऊक होतं. म्हटलं, यांना स्वतःला कळेपर्यंत थांबू या. मी पण शिकले हो थांबायला." मग त्यांनी माझ्या हातावर थेपलं ठेवलं आणि मामा येताना दिसले म्हणून विषय लोणच्याकडे नेला.

परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मामांनी रायफल जमा करून टाकली. मी बरोबर होतो. काउंटरवरच्या माणसानं नळीवर बोट फिरवून चांगली ठेवलीय म्हटलं, तर मामा म्हणाले, ती चांगलीच होती, मीच तिच्यावर आळ घेत होतो. घरी येताना मी वारा वगैरे काही काढलं नाही.

आता त्यांची बघण्याची एक नवीन पद्धत झाली आहे. समोरच्याचा चेहरा बघायचा असेल तर ते त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीत. माझ्याशी बोलताना माझ्या उजव्या कानाच्या बाजूला नजर लावतात, मग डोळ्याच्या कडेतून मी त्यांना दिसतो. पहिल्यांदा माझ्या बायकोला वाटलं, मामा रुसले. नव्या माणसाला वाटतं, आपल्या मागे कुणी उभं आहे, आणि तो वळून बघतो. वाण्याच्या दुकानात तर मामा वाण्याला बघायला साबणाच्या वड्यांकडे इतक्या प्रेमानं बघतात की तो दर वेळी एक वडी काढून देतो. घरात साबण फार झाला आहे.

परवा आम्ही गेलो होतो. संध्याकाळची वेळ, मामी खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. मामा समोरच्या खुर्चीत बसून मामींच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीच्या एका कोऱ्या जागेकडे टक लावून होते. किती तरी वेळ. पापणी हलत नव्हती. मी विचारलं, मामा, काय बघताय? मामींनी मान वर न करता एक शेंग सोलली आणि म्हणाल्या, "मला बघतायत. असेच बसतात हल्ली. आधी कधी एवढा वेळ दिला नव्हता हो."

आणि पदर नीट करून त्या पुन्हा मटार सोलायला लागल्या.