किनुएचं शेवाळ

शिमोदाइरा किनुए सगळ्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात आंघोळ करते, अशी बातमी एका उन्हाळ्यात तोचिझावात घरोघर फिरली. पाहणाऱ्यानं तिला डोंगरावरच्या हौदात उभी पाहिली होती. साबण आणि गाणं त्यानं पदरचं घातलं. खरं एवढंच, की हौद रिकामा होता आणि सत्तरी ओलांडलेली ही बाई रबरी बूट घालून फावड्यानं वरची बोटभर वाळू खरवडत होती. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं ती हेच करत आलेली. पण वाडीत आंघोळच जास्त चालली. वाळूची गोष्ट ऐकायला चहा कोण पाजतो?

वाडीची घरं अडतीस, वाळूचे हौद दोन. ओढ्याचं पाणी हौदात येतं, वाळूतून सावकाश खाली उतरतं आणि नळात जातं. वाळूवर शेवाळाचा हिरवट-तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. बघणाऱ्याला शिसारी येईल असा. पाण्यातलं वाईट तोच अडवतो आणि खातो. थर फार जाड झाला की किनुए तो खरवडायची, पण एका वेळी एकाच हौदातला. नवा थर धरेपर्यंत त्या हौदाचं पाणी नाल्यात जायचं आणि दुसरा हौद वाडीला पाजायचा. हे तिनं बैठकीत कितीदा तरी सांगितलं होतं. लोक मान डोलवायचे आणि लोणच्याची बशी पुढे सरकवायचे.

ऑगस्टमध्ये ती मोतीबिंदू काढायला शहरातल्या दवाखान्यात गेली. हौदांच्या किल्ल्या वाडीप्रमुख ओरीईंकडे होत्या; निवृत्त पोस्टमास्तर, कामाला उत्साही.

ओबोनचा सण तोंडावर आला होता. पितर घरी यायचे आणि त्यांच्या मागोमाग तोक्योची लेकरंबाळं. अशा दिवसांत तोचिझावातल्या माणसाला कुठं घाण दिसली की त्याचे हात शिवशिवतात. आधी कबरी घासून झाल्या, मग रस्ते, मग गटारं. तरी उत्साह उरला, म्हणून पंधरा जण फावडी घेऊन डोंगरावर चढले.

पाचव्या दिवशी किनुए एका डोळ्यावर पट्टी लावून परतली. ओरीई तिला घरी जाऊ देईनात, थेट वर घेऊन गेले.

"बघा, किनुए-सान! एका डोळ्यानंसुद्धा दिसेल!"

तिनं वाकून पाहिलं. पाणी इतकं नितळ की वाळूचा कण अन् कण मोजावा. वाळू धुतलेल्या तांदळासारखी पांढरी. एरवी हौदावर चतुर किड्यांची गर्दी असायची, आज एकही नव्हता.

"दोन्ही धुतलेत?"

"दोन्ही! अर्धवट काम करणारी माणसं आहोत का आम्ही?"

"कधी?"

"तीन दिवस झाले. त्याच संध्याकाळी नळ सुरू. चव तर घ्या."

त्यांनी पुढे केलेला पेला किनुएनं घेतला आणि शांतपणे गवतावर ओतला. मग ती ओढ्याच्या काठानं वर निघाली. ओरीई धापा टाकत मागे.

जिथून पाणी आत घेतात त्या जाळीला हरीण अडकलं होतं. पोट फुटलेलं, आणि अंगावरचे केस प्रवाहानं एका दिशेला नीट विंचरलेले. ओरीईंनी नाकाला रुमाल लावला.

"क्लोरीन आहे ना आपलं?"

"या वर्षी हरणांना हगवण लागलीय. त्यांच्या पोटातून येतात त्यातले काही जंतू क्लोरीनला भीक घालत नाहीत. त्यांना अडवत होतं ते शेवाळच."

"पण अजून कोणी आजारी पडलेलं नाही."

"लगेच नाही पडत. आठवडाभर लागतो कधीकधी."

ओरीईंनी मनाशी दिवस मोजले. "आठवड्यानं तर पाहुणे तोक्योला परत गेलेले असतील."

किनुए त्यांच्याकडे बघत राहिली. ते हरणाकडे बघत राहिले.

तासाभरात वाडीतल्या प्रत्येक भोंग्यातून तिचा आवाज आला. नळाचं पाणी पिऊ नका. भरून ठेवलेलं असेल तर खळखळून उकळा. मग तिनं नळाचा मोठा व्हॉल्व्ह बंद केला, दोन्ही हौद नाल्याला सोडले आणि नगर कचेरीला फोन करून टँकर मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या गाड्या वाडीत शिरल्या, त्या टँकरच्या रांगेशेजारून.

"सुनेला डोंगरचं पाणी पाजीन म्हणून फुशारकी मारली होती मी," म्हातारी हात्सुयो कॅन पुढे ढकलत म्हणाली. "आता पाजते टायरच्या वासाचं."

दोघीतिघी हसल्या. मग कोणीतरी विचारलं, यानागिसावांकडचं कोणीच कसं आलं नाही पाण्याला? त्यांची लेक-जावई, नातवंडं तर चार दिवसांपूर्वीच आली होती. सगळ्यांनी वळून त्या घराकडे पाहिलं. ऊन चढलं तरी खिडक्यांची दारं लावलेलीच होती. बघता बघता शौचालयाचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. रांगेतली एक आई लेकराच्या पोटावर हात ठेवून उभी राहिली.

किनुए त्या घराकडे निघाली होती, तेवढ्यात पांढरा सदरा घातलेले ओरीई आडवे आले. आवाज खाली, पण रांगेला ऐकू जाईल इतका.

"पंधरा माणसांनी उन्हात घाम गाळला, किनुए-सान. त्यांना काय तोंड दाखवू? सणापुरते तीन दिवस नळ सोडा. निदान पितरांसमोर तरी वाडीचं पाणी ठेवू द्या."

किनुए म्हणाली, "पितरांना काय होणार, ओरीई-सान? ते एकदा मेलेत. बाकीच्यांसाठी नळ बंदच राहील."