इस्त्रीखात्यातले पंखे

मालकाच्या केबिनबाहेर ते प्रमाणपत्र टांगलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, मुद्दाम. वीजबचतीत पहिला क्रमांक! शेजारी मालकाचा फोटो, दात काढून. ते बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती बचत कुणाच्या जिवावर झाली ते त्यावर कुठे लिहिलंय? माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हातून ती करून घेतली, आणि आज त्याच घरी बसल्यात.

आम्ही दोघी जावा एकाच कपड्यांच्या कारखान्यात, इस्त्रीखात्यात. शिवून आलेला शर्ट घ्यायचा, वाफेची इस्त्री फिरवायची, घडी घालून पुढे सरकवायचा. दिवसभर उभं काम. डोक्यावरून वाफेचे पाइप गेलेले, खिडक्या नावाला. छताचे पंखे आणि भिंतीतले, वाफ बाहेर ओढणारे दोन मोठे पंखे, एवढ्यावरच आम्हा बायांचा श्वास चालायचा.

जाऊबाईंना सगळं खातं मीटरबाई म्हणायचं. ते काही उगाच नाही. घरात कुणी दिवा तसाच ठेवून खोलीबाहेर आलं की या मागून जाऊन खटका बंद करणार, वर मला सुनावणार, "वीज काय तुझ्या सासऱ्यांनी पाठवलीय?" आता माझे सासरे ते त्यांचेही सासरेच की! पण हे तोंडावर बोलायची कुणाची टाप होती? जुने दिवे द्या आणि कमी वीज खाणारे न्या, अशी सरकारी योजना आली तेव्हा त्यांनी अख्खी गल्ली रांगेत उभी केली. माझे दीर म्हणाले, "जुना पेटतोय की अजून, राहू दे." यांनी दिरांच्या डोक्यावरचाच दिवा आधी काढला. बिचारे त्या दिवशी अंधारात जेवले.

मग तसलीच योजना कारखान्यांसाठी आली. योजनेच्या मॅडम खात्यात येऊन आम्हा सगळ्यांसमोर बोलल्या. नव्या मोटारी बसवा, वाफेच्या पाइपांना जाड वेष्टण घाला, गळती बुजवा. इंधन वाचेल, वीज वाचेल, आणि पाइपांची धग कमी झाली की हॉलही गार राहील. निम्मा खर्च सरकार देणार. खोटं कशाला बोलू, बाई चांगलं बोलल्या. जाऊबाई तर मान डोलावून डोलावून ऐकत होत्या.

आमच्या मालकानं काय केलं? दारातून दिसतो तेवढ्याच पाइपाला चकचकीत वेष्टण घातलं. पुढे सगळे उघडेच, चुकून हात लागला तर कातडी निघेल असे. मोटारीही जुन्याच, नुसता रंग मारलेल्या. मग वीज कमी कशी लागणार, कपाळ! तेव्हा त्यानं जाऊबाईंना बोलावलं, छातीवर 'ऊर्जामित्र' असा बिल्ला लावला आणि खात्यातले सगळे खटके त्यांच्या ताब्यात दिले. म्हणाला, "मीटरबाई, जरा सोसा. उरलेलं वेष्टण आलं की पंखे पुन्हा सुरू. तोवर बंद." आयजीच्या जिवावर बायजी उदार! स्वतःच्या केबिनमध्ये हा थंड हवेत बसणार आणि सोसायचं आम्ही.

जाऊबाईंनी विश्वास ठेवला. मेली बचतीची आवड! आधी भिंतीतले पंखे बंद झाले, मग छताचेही. वेष्टण काही आलं नाही. भर उन्हाळ्यात त्या वाफेत आमचे पदर पिळावे लागायचे. बाया चिडल्या, पण मालकावर चिडायची हिंमत कुणाला? वड्याचं तेल वांग्यावर! आमच्यातली एक आहे, तिला सगळ्या तोफ म्हणतात. ती येताजाता म्हणायची, "बिल्ला मिळाला ना, आता आम्हाला उकडून खा." जाऊबाई खाली मान घालून इस्त्री फिरवायच्या. मीसुद्धा घरी येताना वाटेत त्यांच्याशी बोलत नसे.

एक दिवस मला अंधारी आली आणि तोल जाऊन हात तापलेल्या इस्त्रीवर पडला. मी किंचाळले. जाऊबाई तशाच धावत केबिनमध्ये गेल्या. मालक काय म्हणाला माहीत आहे? "पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्र मिळतंय. आता मीटर वाढलं तर सगळं मुसळ केरात. खटक्याला हात लावलास तर तुम्ही दोघी जावा घरी." माझ्या भाजण्याबद्दल चकार शब्द नाही! जाऊबाईंनी परत येऊन माझ्या हातावर पाणी ओतलं.

प्रमाणपत्राचा कार्यक्रम खात्यातच ठेवला होता, काम चालू असलेलं दाखवायला. मालकानं जाऊबाईंना बजावलं, "योजनेचे मोठे साहेब दारात आले की सगळे पंखे लावायचे. पाहुण्यांना घाम यायला नको." त्या "हो" म्हणाल्या.

साहेब आले, मॅडम आल्या, फोटोवाला आला. जाऊबाई खटक्यांच्या फळीला पाठ लावून उभ्या राहिल्या, त्या हलेचनात. साहेबांनी भाषण काढलं. देशासाठी प्रत्येकानं थोडी झळ सोसली पाहिजे म्हणाले, आणि रुमाल काढला. थोडं वाचून पुन्हा रुमाल. शेवटी कागदानंच वारा घेत म्हणाले, "अहो, पंखे नाहीत का इथे?"

"आहेत ना साहेब! मीटरबाई, पंखे!" मालक ओरडला.

"बचत चालू आहे साहेब," जाऊबाई म्हणाल्या.

मालक ओढूनताणून हसला. "बाई जरा गमत्या आहेत."

"गंमत कसली? उन्हाळाभर बंद आहेत. ही माझी जाऊ इथे भाजली. तुम्हाला एक भाषणभर सोसवेना?"

मॅडमची नजर वर गेली. उघडे पाइप त्यांनी पाहिले, मी त्यांच्याकडेच बघत होते. साहेब घाम पुसत म्हणाले, "आधी लावा हो ते पंखे!"

"लावते. पण बंद करायला मी पुन्हा हात लावायची नाही." आणि त्यांनी सगळे खटके खाली ओढले. एवढा आवाज झाला पंख्यांचा की पुढचं भाषण कुणाला ऐकूच आलं नाही.

तरीही प्रमाणपत्र दिलं! सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा दिलं, फोटोही काढला, आणि मॅडम खाली बघत टाळ्या वाजवत होत्या. संध्याकाळी फाटकावर वॉचमननं जाऊबाईंचा बिल्ला काढून घेतला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक खात्यात आला. "पंखे बंद करा." एकही बाई जागची हलली नाही. त्यानं तोफेला सांगितलं. ती इस्त्री आपटून म्हणाली, "तुम्हीच करा. पण पंखे बंद तर इस्त्र्याही बंद, सगळ्या, एकदम." गाडी माल न्यायला दारात उभी होती. मालकानं एकदा गाडीकडे बघितलं आणि तो निघून गेला. पंखे दिवसभर चालले, अजून चालताहेत.

मी उड्या मारतच घरी गेले आणि जाऊबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. त्या एकदम रडायलाच लागल्या.

"एवढंच करायचं होतं? मग उन्हाळाभर मी का गं भ्यायले? तुला भाजू दिलं मी."

"अहो, तुम्ही त्या खटक्यापाशी एकट्या होतात," मी म्हटलं. "आणि आम्ही सगळ्या मिळून तुमच्यावरच तोंडसुख घेत होतो."